करालिकेच्या बांगडीतली सेफ्टी पिन

"वहिनी, एक सांगून ठेवतो," पत्र्याची ट्रंक मागच्या खोलीत ठेवता ठेवता पितांबर म्हणाला होता, "माझ्यासमोर कधी राग आला, घाबरलात, काहीही झालं, तर जरा तोंड फिरवत जा. माझा हात माझं ऐकत नाही."

लताने ते हसण्यावारी नेलं. तिचं सगळं लक्ष ट्रंकेच्या कोपऱ्याकडे होतं. तो कोपरा बरोबर चार वर्षांच्या अभिमनच्या कपाळाच्या उंचीवर येत होता. तिने आधी त्यावर चिंधी बांधली आणि मग पाहुण्याला चहा विचारला.

लता बी.एस्सी. झालेली होती. जगातल्या कुठल्या वस्तूने लहान मुलाला काय होऊ शकतं, हा तिचा अभ्यास मात्र परीक्षेनंतरही चालूच होता. शेंगदाणा घशात अडकतो. बादलीत बुडता येतं. एकदा दुपारी अभिमन दिसेना, तेव्हा तिने अर्धं पिंप्राळा गाव पालथं घातलं, विहिरीत माणूस उतरवायला लावला, आणि पोरगा पितांबरच्या टेबलाखाली पाय पसरून झोपलेला सापडला. नवरा यावलच्या बँकेत होता, फक्त शनिवारी-रविवारी घरी यायचा. त्यामुळे काळजीचं खातं तिच्या एकटीच्या नावावर होतं.

पितांबर हा तिच्या सासूबाईंचा, धुरपदाबाईंचा, धुळ्याचा भाचा. तो चित्रकथांची पुस्तकं काढायचा. गोष्ट मुंबईहून प्रकाशक पाठवायचा, आणि त्यातले राजे, राक्षस, हत्ती, ढग असं सगळं पितांबर त्या मागच्या खोलीत बसून काढायचा. पुस्तकावर नाव मात्र प्रकाशकाचंच. चित्रकाराचं नाव छापायची त्यांच्याकडे पद्धतच नव्हती. पितांबरला त्याचं काही वाटत असेल, तर तो ते कुणाला सांगत नसे. काम सुरू झालं की तो जेवायचंही विसरायचा. मग लता ताट घेऊन दारात उभी राहून ओरडायची, "भाऊजी! वरण थिजून दगड झालं!"

ती पुस्तकं तिने स्वतः कधी उघडली नव्हती. राक्षस बघून अभिमन झोपेत दचकेल, म्हणून घरात त्यांना बंदी होती.

एक दिवस सायकलवाला असलम दारात आला. त्याच्या दुकानात सायकली दुरुस्त व्हायच्या आणि चित्रकथा भाड्याने मिळायच्या.

"वहिनी, तापीवीर काढणारे आर्टिस्ट तुमच्याकडेच राहतात ना?"

"कोण तापीवीर?"

असलमने कपाळावर हात मारला. "काय वहिनी! अख्खा जिल्हा वाचतो आणि तुम्ही विचारता कोण? हे बघा." त्याने अंक उघडला. "ही राक्षसांची राजधानी. आणि या कोपऱ्यात काय आहे? माझं दुकान! पंक्चर बघायचं घमेलं, हवेचा पंप, पाटीचा वाकडा खिळासुद्धा सोडला नाही. तेव्हाच म्हटलं, हा माणूस रोज आपल्या समोरून जातो. मग पाळत ठेवली."

असलमचं म्हणणं असं, की तापीवीरच्या वाचकांचा मेळावा घ्यायचा. जामनेर, पारोळा, यावल, थेट धुळे, सगळीकडची पोरं त्याच्या ओळखीची होती. अंकातल्या पत्रांच्या पानावरून पत्ते घेऊन ती एकमेकांना कार्डं टाकायची. "आजवर आम्ही फक्त यांचा हात ओळखत होतो," असलम म्हणाला. "मध्ये एका अंकात दुसऱ्याच कुणी पानं काढली, तर जामनेरच्या पोरांनी प्रकाशकाला भांडणाचं पत्र पाठवलं. आता माणूस बघायचाय. माइकवर नाव घ्यायचंय. पूर्ण नाव."

"मना भाचा शे तो!" धुरपदाबाईंनी आतूनच जाहीर केलं. लताचाही ऊर भरून आला. पितांबर लाजला, हो म्हणाला, आणि स्टेजमागे लावायला एक भला मोठा पडदासुद्धा रंगवून देऊन बसला.

मेळाव्याच्या दोन दिवस आधी असलम आनंदाने सांगत आला, "हॉलचं जमलं! शाळेचा मिळाला. अट एकच, अध्यक्ष तोताराम सर."

पितांबरचा चेहरा कोऱ्या कागदासारखा झाला. असलम गेल्यावर लता मागच्या खोलीत डोकावली, तर तो बॅग भरत होता.

"हे काय?"

"धुळ्याला जातो, वहिनी. मेळावा नको."

"का पण?"

पितांबरने टेबलावरच्या अंकाकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. लताने आयुष्यात पहिल्यांदा तो अंक उघडला.

पहिल्याच पानावर तोताराम सर होते. गल्लीच्या टोकाला राहणारे, वर्गात चित्रकथा सापडली की जप्त करणारे, मुख्याध्यापक तोताराम सर. पोरांचा चेंडू त्यांच्या लोणच्याच्या बरणीत पडला, तेव्हा ते पितांबरच्या खिडकीखाली उभे राहून ओरडत होते. त्या क्षणाच्या जुळलेल्या भुवया, नाकाशेजारची चामखीळ आणि फुगलेल्या नाकपुड्या जशाच्या तशा इथे होत्या. फक्त डोक्यावर पिसांचा मुकुट होता आणि खाली लिहिलं होतं : दैत्यसम्राट महादंत.

लता पदर तोंडात कोंबून हसली आणि हसत हसतच तिने पान उलटलं.

तिथे करालिका होती. त्रैलोक्य गिळायला निघालेली राक्षसीण. केस सुटलेले, तोंड उघडं, एक हात आभाळात. त्या हातातल्या बांगड्यांत दोन सेफ्टी पिना अडकवलेल्या होत्या.

लताने आपल्या मनगटाकडे पाहिलं. तिथेही बांगड्यांत दोन पिना होत्या.

"भाऊजी!"

पितांबरने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला.

"ठेवा! खाली ठेवा ती आधी!"

"म्हणून तर जातोय," तो पुटपुटला. "पडद्यावर तुम्हाला नाही काढलं. पण महादंत आठ फुटी आहे, आणि सर बरोबर त्याच्या पुढ्यात बसणार. ते सत्कार तर बंद पाडतीलच, वर गल्लीतून हाकलून देतील."

लताला राग आलाच होता. पण ज्या माणसाचं नाव आजवर कुठे एकदाही छापलं गेलं नाही, त्याचं नाव रविवारी माइकवर घेतलं जाणार होतं. त्याला धुळ्याच्या एसटीत बसू द्यायचं? तिने बॅग उचलली आणि फिनेल नि काडेपेट्या अभिमनपासून लपवायच्या कपाटात कुलूपबंद केली.

"तुमचं-माझं नंतर बघू. आधी सत्कार होऊ दे."

काळजी करण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. सरांची भुवई झाकली की निम्मं काम होईल, असा हिशेब करून ती त्यांच्या घरी गेली. "सर, अध्यक्षांना फेटा बांधायचं ठरलंय. चांगला कपाळावर उतरवून." सर खूश झाले. "आजकाल एवढी रीत कोण पाळतं!" म्हणाले.

रविवारी शाळेचा हॉल भरून गेला. एसटीतून उतरलेली पोरं टॉवेलाचे अंगरखे पांघरून आली होती. यावलच्या तिघांनी केळीच्या खांबाच्या पट्ट्यांची चिलखतं घातली होती आणि ती वाटेत सुकून करकर वाजत होती. ज्यांनी एकमेकांना नुसती कार्डं पाठवली होती, ती पोरं आता "तू पारोळ्याचा काय रे?" म्हणत गळ्यात पडत होती. आणि मग तोताराम सर आले. भगवा फेटा, वर डौलदार तुरा.

लताने तुऱ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. मागच्या पडद्यावरच्या पिसांच्या मुकुटाची जी उणीव सरांच्या डोक्यावर होती, ती तिने स्वतःच्या हुशारीने भरून काढली होती. त्यात गरमीने सरांनी फेटा वर सरकवला आणि भुवयाही बाहेर आल्या.

"असलमभाऊ! त्या चित्राचं तोंड झाका कशानेतरी!"

"कशाने झाकू?"

"हार आहे ना हाती!"

असलमने टेबलावर चढून झेंडूचा हार महादंताच्या तोंडावरून लटकवला. सर खुर्चीत बसायला वळले आणि थबकले.

"कोण वारलं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

पहिल्या रांगेतल्या धुरपदाबाईंनी ते ऐकलं आणि हात जोडून उठल्या. त्या उठल्या म्हणून मागची रांग उठली, मग सगळा हॉल उभा राहिला. कोण गेलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे कुणी बसेचना. त्या शांततेत हाराचा दोरा तुटला. झेंडू सरांच्या फेट्यावर बदाबदा आदळला आणि मागून आठ फुटी महादंत जळजळीत नजरेने हॉलकडे बघू लागला. त्याच्या पुढ्यात, त्याच भुवया वर करून, सर.

पोरांनी एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं.

"महादंत!" अभिमनची किंकाळी आली. त्याला तो कुठे भेटला होता, हे लताने नंतर विचारायचं ठरवलं. पण सगळ्या हॉलने ते उचललं. महादंताचं नेहमीचं वाक्य पोरांनी एका सुरात ठोकलं : "पृथ्वी माझी आहे!"

सर वळले. बराच वेळ ते चित्राकडे बघत राहिले. पितांबर दरवाजाकडे सरकू लागला, तसं लताने त्याच्या सदऱ्याचं मागचं टोक धरलं.

"माझी भुवई," सर म्हणाले, "एवढी जाड आहे?"

"कमी करून काढलीय, सर," पितांबरच्या तोंडून निघून गेलं.

सरांनी पुन्हा चित्राकडे पाहिलं.

"हा महादंत हरतो का शेवटी?"

"कधीच नाही सर!" पारोळ्याचा एक पोरगा ओरडला. "तापीवीरच कसाबसा सुटतो दर वेळी!"

"त्याच्यासाठीच तर घेतो आम्ही अंक!" दुसरा म्हणाला.

सरांनी फेट्यातला झेंडू काढला, तुरा नीट केला आणि चित्राला जराही झाकणार नाही अशा बेताने खुर्ची बाजूला सरकवून बसले. "करा सुरू," ते म्हणाले. "आणि जप्त केलेले अंक कपाटात आहेत. ते परत मिळतील. माझे वाचून झाल्यावर."

मग असलमने माइकवर नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. टाळ्या थांबेनात. पोरांनी आपापले अंक पुढे केले. जिथे चित्रकाराचं नाव छापायचं राहिलं होतं, त्या पहिल्या पानावर त्यांना ते लिहून हवं होतं. पितांबर पेन हातात घेऊन लताकडे वळला. "वहिनी, आखं नाव लिहू का?"

"आखं. आणि ठळक."

तेवढ्यात तिची बांगडी कुणीतरी धरली. यावलची दहा-बारा वर्षांची सितारा होती. केस सोडलेले, आणि दोन्ही हातांतल्या बांगड्यांत सेफ्टी पिनाच सेफ्टी पिना.

"करालिका!" ती किंचाळली. "अम्मी, सच्ची वाली!"

लता हात पाठीमागे घेऊ लागली. "अगं, ती राक्षसीण..."

"वो सबसे अच्छी है! तिचं बाळ हरवलंय ना. म्हणून ती सगळं गिळून पोटात शोधते. नवीन अंक नाही वाचला तुम्ही?"

लताने पितांबरकडे पाहिलं. तो सही करता करता खाली मान घालून म्हणाला, "तो राग नव्हता वहिनी. अभिमन सापडत नव्हता, त्या दुपारचं तोंड आहे ते. तसं तोंड मी दुसरं पाहिलं नाही."

सिताराने अंक पुढे केला, तेव्हा लताने आपल्या बांगडीतली एक पिन काढून त्या पोरीच्या बांगडीत अडकवली आणि करालिकेच्या पायाशी आपलं नाव लिहिलं. ठळक.

घरी येताना धुरपदाबाई एकट्याच फुगल्या होत्या. "बठ्ठा गाव शे त्या पुस्तकमा. मीच नही का?"

"फुई, तुम्हाला राग येतच नाही," पितांबर आत्याला म्हणाला.

"आते येल शे राग!" त्या कडाडल्या, आणि पितांबरने खिशातून पेन्सिल काढली.

आता पितांबर पुन्हा धुळ्याला राहतो, पाचकंदील चौकाच्या मागच्या बाजूला, एकटाच. पुस्तकावर त्याचं नाव छापून येतं. पण काम सुरू झालं की तो अजूनही जेवायचं विसरतो, आणि लता तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला गाठून सांगते, तसं तिने मला तुम्हालाही सांगायला लावलंय. धुळ्याला गेलात तर वाकडी वाट करून त्याच्याकडे डोकावून या. जेवला का, एवढं विचारा. नाही म्हणाला तर चांगलं रागवा. आणि तोंड मुळीच फिरवू नका.