बायकोच्या घोरण्यावर माझे उपचार

मी घोरत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमची सगळी इमारत हल्ली उलटं सांगत फिरते आहे. घोरते ती आमची बायको. दिवसा तिचा आवाज सायीसारखा मऊ. उशीला डोकं टेकलं, की पत्र्यावरून खुर्च्या ओढाव्यात तसा. त्यापायी माझी झोप उडाली. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून बसवतो. परवा मशीनवरच डुलकी लागली आणि एका शिक्षिकेच्या चष्म्यात उजवं भिंग डावीकडे गेलं. बाई दुकानातून उतरताना नसलेली पायरी शोधत राहिल्या. मालक म्हणाले, "पुन्हा असं झालं, तर यापुढे घरीच झोपत जा."

तेव्हा ठरवलं, हिला नाक-घशाच्या डॉक्टरबाईंकडे न्यायचं. तिथे म्हणे खुर्चीत बसल्या बसल्या इलाज होतो. कापाकापी नाही, भरती होणं नाही. फवाऱ्याने बधिर करायचं, बारीक सळईची ऊब देऊन आतला फुगवटा बसवायचा, की चालत घरी.

"घोरता तुम्ही आणि डॉक्टरकडे मी?"

"अगं, नुसतं दाखवायला काय जातंय?"

आली बिचारी. पण खुर्ची पाहिली आणि दारातच रुतली. "अहो, ही मागे कलंडते. मी नाही बसायची."

"त्यात काय घाबरायचं? हे बघ, मी बसून दाखवतो."

बसलो. मान मागे टाकली. किती आराम वाटतो, तेही डोळे मिटून दाखवलं.

तेवढ्यात डॉक्टरबाई घाईघाईने आल्या, माझ्या नाकात दिवा धरला आणि म्हणाल्या, "रस्ता बंदच आहे की हा." 'पेशंट मी नव्हे' असं सांगायला तोंड उघडलं, तर एक फवारा नाकात आणि दुसरा थेट घशात. जीभ ओल्या गोणपाटासारखी पडली.

"कधीपासून घोरतात?"

"लग्नापासून," बायको म्हणाली.

"मोठ्याने?"

"शेजारी भिंत ठोकतात, डॉक्टर. आधी मांजर, मग म्हैस. मधेच श्वास अडकतो, आणि सुटतो तो कुकरसारखा."

हे वर्णन माझं होतं. तिच्या घोरण्याचं मीच तिला ऐकवलेलं, शब्द न् शब्द. जागून जागून जमवलेल्या माझ्या उपमा ती माझ्याच नाकावर वाहत होती. मी तिच्याकडे बोट रोखलं. "ई... ई घोय्ये."

"काय म्हणताहेत?"

"बायको घोरते म्हणताहेत."

डॉक्टरबाई हसल्या. "सगळे नवरे हेच म्हणतात. हात खाली घ्या, काका."

काका म्हणाल्या मला. आणि सळई आत गेली.

दुखलं नाही, हे कबूल. पण अपमान बधिर करणारा फवारा अजून कुणी काढलेला नाही. हिने जिन्यात भेटेल त्याला सांगितलं, "यांचं घोरण्याचं करून आणलं." वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर तर माझा हात हातात घेऊन म्हणाले, "उपकार झाले."

काही दिवस नाक चोंदलेलंच होतं. मग एका रात्री रागारागाने आडवा झालो, तो उजाडल्यावरच उठलो. दुकानात दिवसभर एक जांभई नाही. माझे डोळे उघडे आहेत ना, हे मालक पुन्हा पुन्हा येऊन पाहून गेले. संध्याकाळी घरी आलो, तर बायको म्हणते, "बघा, गुण आला. सुटले मी."

आता मात्र माझा संयम संपला. आमच्या शेजारच्या खोलीत माझी आई झोपते. भिंत पातळ, आईचे कान तिखट आणि मी तिच्या पोटचा पोर. याहून पक्की साक्ष कुठली मिळणार? तिला आणून बायकोसमोर उभं केलं.

"आई, खरं सांग. काल रात्री आमच्या खोलीतून घोरणं ऐकू आलं की नाही?"

"आलं की."

मी बायकोकडे पाहिलं. माझ्या दोन्ही मोकळ्या नाकपुड्या विजयाने फुलल्या.

"पण काल एकटीच घोरत होती बिचारी," आई म्हणाली. "एरवी तू असतोस साथीला."