आप्पासाहेब समद्यात बसतात

"आप्पा, एवढं एकच लक्षात ठेवा," रिक्षा शहराच्या छावणी भागातून बाहेर पडता पडता उमा सासऱ्यांना म्हणाली, "गौतमीला उगाच काही कबूल करू नका. तिला सांगितलं की ते व्हावंच लागतं."

"मला काय शिकवती बाई? इतकी वर्सं सरपंच होतो. गावभरची माणसं सांभाळली."

"शब्द दिऊ दिऊच सांभाळली," सासूबाई, चतुराबाई, बाहेर बघत म्हणाल्या.

आप्पासाहेब पिशोरजवळच्या एका वाडीचे माजी सरपंच. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. शाळेची खोली असो की कुणाच्या लेकाची नोकरी, ते सगळ्यांना हो म्हणत. लोक चहा पिऊन समाधानानं घरी जात आणि विसरून जात. नऊ वर्षांची नात गौतमी मात्र विसरणाऱ्यांतली नव्हती. पोर स्वमग्न होती. बोलायची मोजकं, गोंगाट सोसत नसे म्हणून कानांवर जाडजूड हेडफोन. पण एकदा ऐकलेलं वाक्य तिच्यापाशी काना-मात्रेसकट राहायचं.

शहराबाहेर नवा अम्यूझमेंट पार्क झाला होता. उमाचा बेत साधा होता. आत जायचं, गौतमीला जमेल तेवढं बघायचं, जमलं नाही तर त्याच रिक्षानं परत. आत गेल्यावर गौतमी आकाशपाळण्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. बसायचं नाव काढेना.

"बघू द्या तिला," उमा म्हणाली. "तिला बघायलाच आवडतंय."

पण नातीला धीर दिल्याशिवाय आप्पासाहेबांना राहवेना. "भ्यायचं काय त्यात? मी बसतो समद्यात! तू निस्ती बघ."

उमानं कपाळाला हात लावला.

"आप्पासाहेब समद्यात बसतात," गौतमी स्पष्ट म्हणाली.

आकाशपाळण्याच्या पहिल्या फेऱ्यात आप्पासाहेबांनी फेटा सावरत हात हलवला. पुढच्या फेऱ्यात हात हलवायला मोकळा नव्हता. दोन्ही हातांनी दांडी धरली होती आणि तोंडानं कुळदैवताचा धावा चालला होता. खाली उतरून ते म्हणाले, "झालं बग!"

"समद्यात," म्हणत गौतमीनं पुढं बोट केलं. तिथं भलीमोठी नाव झोके घेत होती.

नाव चालवणाऱ्यानं आप्पासाहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चाचा, बीपी वगैरा तो नै ना?"

आप्पासाहेबांचा चेहरा उजळला. ते तोंड उघडणार, एवढ्यात चतुराबाईच म्हणाल्या, "काई नाय त्यायला. मागल्याच म्हैन्यात तपासलं. घोड्यावानी हायेत."

नाव उंच गेली तशी आप्पासाहेबांची आरोळी आख्ख्या पार्कात गेली. इकडं कठड्यापाशी गौतमी दोन्ही हात फडफडवत उड्या मारत होती, खदाखदा हसत होती. एरवी कुठं गेलं की लोक गौतमीकडं टक लावून बघायचे आणि उमाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आज सगळी गर्दी फेटेवाल्या म्हाताऱ्याकडं बघत होती. गौतमीकडं बघायला कुणाला सवडच नव्हती. उमानं भाजलेली कणसं घेतली आणि बाकावर पाय पसरून बसली. बाहेर येऊन असं बसल्याचं तिला आठवतच नव्हतं.

मग चक्राकार रेल्वे झाली, फिरत्या कपबशा झाल्या. शेवटी राहिली बसून फिरायची बदकं. तिथं पाटी होती : फक्त लहान मुलांसाठी.

"बग बाई," आप्पासाहेब आनंदानं म्हणाले, "नियम हाय. मला बसू देत नायत."

गौतमीला नियम कळेना. "समद्यात," ती म्हणाली, मग पुन्हा म्हणाली, आणि पुढं-मागं डोलायला लागली. हात कानांवर गेले, श्वास भरभर चालू झाला. उमा कणीस टाकून धावली. आप्पासाहेबांनी नातीचा चेहरा पाहिला. नाराज माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती, पण असा घाबरलेला चेहरा नव्हता पाहिला. ते बदकं चालवणाऱ्या कडूबाकडं गेले आणि चक्क हात जोडले.

"लेका, निस्तं टेकू दे. मशीन चालू नको करू."

कडूबाला दया आली. आप्पासाहेब कसेबसे बदकात शिरले. गुडघे थेट कानांशी आले.

गौतमी डोलायची थांबली. तिनं नीट पाहिलं. "फिरत नाही," ती म्हणाली.

कडूबानं कपाळावरचा घाम पुसला आणि हातानं ढकलत आख्खा एक फेरा काढला. गौतमीनं समाधानानं मान हलवली. झालं सगळं! फक्त आप्पासाहेब बदकातून निघेनात. कडूबानं एक हात ओढला, उमानं दुसरा, आणि चतुराबाई लांबून सूचना करत राहिल्या, "धोतर सांभाळा! आधी धोतर!"

परतीच्या रिक्षात आप्पासाहेब डोळे मिटून कण्हत होते. चतुराबाईंना मात्र हसू आवरेना.

"यवढं काय कन्हायचं त्यात? मी आसते तर हसत हसत बसले आसते समद्यात."

गौतमीनं मान वर केली.

"आजी समद्यात बसतात," गौतमी म्हणाली. मग थोडा विचार करून तिनं विचारलं, "कधी?"

चतुराबाईंनी सुनेकडं पाहिलं. सून रिक्षाबाहेर बघत होती.

"येत्या आयतवारी," आप्पासाहेब म्हणाले, आणि ताठ उठून बसले. त्यांची कंबर एकाएकी दुखायची थांबली होती.