रिकामी कव्हरं

व्हिडिओच्या दुकानात कव्हरं होती चारशे बारा आणि कॅसेटी चारशे नऊ. गेल्या महिन्यात गिऱ्हाइकं आली चार. त्यातली दोन फोन चार्ज करायला.

संध्याकाळी जागा सोडायची होती. नाहीतर घरमालक सामान फुटपाथवर काढणार होता. तरीही दुकानदाराच्या मनात कडवटपणा नव्हता. टेप मागे गुंडाळूनच परत आणा, असं जन्मभर ओरडल्यामुळे गल्ली त्यांना रिवाइंडकाका म्हणे. पण याच गल्लीच्या जोरावर त्यांची दोन मुलं शिकली होती. म्हणून त्यांनी दारावर पाटी लावली, ‘आभारी आहे. आवडता सिनेमा फुकट न्या.’ मग कधी दुकानात न बसलेल्या बायकोला गल्ल्यावर बसवून ते टेम्पो आणायला गेले.

परत येऊन पाहतात तर फळ्या साफ!

“बघा,” बायको म्हणाली, “तुम्हाला जमलं नाही ते मी एका दुपारात केलं. सगळं खपवलं.”

“आणि मागच्या खोलीतल्या कॅसेटी?”

“कुठल्या मागच्या खोलीतल्या?”

काका मागे धावले. कॅसेटी जागच्या जागी होत्या. चोरी नको म्हणून पुढे नुसती कव्हरं आणि मागे कॅसेटी, अशी दुकानाची पद्धत होती. कॅसेटींवरची नावं तर केव्हाच पुसली होती. तिसऱ्या फळीवरचं सातवं कव्हर, तर मागच्या तिसऱ्या फळीवरची सातवी कॅसेट, असा सगळा हिशोब.

तेवढ्यात टेलरबाई आल्या. “काका, उघडून बघते तर आत हवा!” त्यांच्यामागे अख्खी गल्ली.

“कितव्या फळीवरचं होतं? कितवं?”

“मला काय ठाऊक? उचललं नि गेले!”

दुकानातल्या टीव्हीवर एकेक कॅसेट लावून बघण्याशिवाय इलाज नव्हता. पहिलीच लावली ती एकदम मध्यापासून सुरू झाली.

“रिवाइंड कोणी केलं नाही?” सगळे एका सुरात ओरडले. काकांना हसू आवरेना.

“अगंबाई, हा माझाच!” टेलरबाई म्हणाल्या.

“मग काढू?”

“काढताय काय? शेवट कुठे आठवतोय मला! असू द्या.”

घरमालक दारात येऊन उभा राहिला. “किल्ली?”

“श्श!” आतून आवाज आला.

त्याने रागाने पडद्याकडे पाहिलं आणि तो तसाच थबकला. “हा? लग्नानंतर आम्ही पहिला हाच नेला होता. तुम्हीच निवडून दिला होतात, काका.”

“आवडला होता ना?”

“तेव्हा सिनेमा कोण बघत होतं?” तो चप्पल काढत म्हणाला. “किल्ली उद्या द्या. ए, सरका जरा.”

टीव्हीसमोर माणसं होती बावीस, टेम्पोवाला धरून.