खरातमामा विमान शोधतात

"बाई, हिंदी महासागर किती पुरुस खोल आसंल?"

खरातमामांची आणि माझी ओळख झाली ती या प्रश्नावर. छावणीतल्या आमच्या गल्लीत मी त्याच दिवशी राहायला आले होते. टेम्पोतून कपाट अर्धं उतरलं होतं, हमाल "सरका, सरका" म्हणून ओरडत होते, आणि कपाटाच्या पलीकडून मान काढून एक साठीचा माणूस मला समुद्राची खोली विचारत होता. मी शाळेत भूगोल शिकवते ही बातमी माझ्या सामानाच्या आधीच गल्लीत पोचली होती.

पुरुस म्हणजे पुरुष, विहिरीचं पाणी मोजायचं आपल्याकडचं जुनं माप. उभा माणूस बुडेल इतकं पाणी म्हणजे एक पुरुस. सगळीकडे सारखा नसतो, पण चारेक किलोमीटर धरा, असं मी सांगून टाकलं. मामा खाली बसले, मातीत काडीने हिशेब मांडला, दोनदा पुसला.

"बावीसशे पुरुस," ते म्हणाले. मग जरा थांबून, "लई नाय."

ज्या गावात नळाची वाट बघण्यात आठवडा सरतो, तिथला माणूस बावीसशे पुरुस पाण्याला "लई नाय" म्हणतो, हे ऐकून मी कपाट विसरले. हमालांनी ते स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. अजून ते तिथेच आहे.

मामांचा धंदा बोअरमध्ये पडलेल्या मोटारी काढण्याचा. पाचशे फूट खाली दोर तुटून मोटार पडली, की शेतकरी आधी देवाला हाक मारतो आणि मग खरातमामांना. मामा स्कूटरला गळ बांधून निघतात. गळ म्हणजे लोखंडी आकड्यांचा झुबका, त्यांनी स्वतः बनवलेला. पोचल्यावर ते घाई करत नाहीत. तंबाखूला चुना लावतात, बोअरच्या तोंडाला कान देतात आणि जमलेल्यांना दटावतात, "गप ऱ्हावा जरा! पाण्याला बोलू द्या." मग आरसा उन्हात धरून खाली कवडसा सोडतात. चाळीस वर्षांत एकही मोटार त्यांनी खाली सोडलेली नाही, असं सगळे सांगतात. सगळे म्हणजे मामाच, पण वेगवेगळ्या दिवशी.

त्यांच्यासमोर "मोटार बुडाली" म्हणायची सोय नाही. एकदा मी म्हणाले, तर दुखावल्यासारखं बघत राहिले.

"बुडाली नगा म्हणू, बाई. आडकली म्हणा. बुडाली म्हणलं का दोर धरणाऱ्याचा हात ढिला पडतो. आडकली म्हणलं का वढायला हुरूप येतो."

आता विमानाचं. मलेशियातून निघालेलं ते भलं मोठं विमान आकाशातून नाहीसं झालं त्याला वर्षं लोटली. देशोदेशींच्या बोटींनी समुद्राचा तळ धुंडाळला, यंत्रं सोडली, काही तुकडे दूरच्या किनाऱ्यांना लागले, विमान काही सापडलं नाही. मधे शोध थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. जग या बातमीला कंटाळलं, मामा नाहीत. बातम्यांत त्याला काहीही म्हणोत, मामांच्या लेखी ते विमान आडकलेलं होतं.

माझ्याकडून त्यांनी शाळेचा एक बाद झालेला नकाशा नेला आणि ओसरीच्या भिंतीला लावला. तंबाखूच्या चुन्याचं बोट आयतंच असायचं. नवा अंदाज सुचला, की समुद्रात एक पांढरा ठिपका. काही महिन्यांत ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला इतका चुना झाला, की तिथे एखादं नवं खंड वर आलंय असं वाटावं.

तर्क करणाऱ्यांची गल्लीत उणीव नव्हती. कोपऱ्यावरच्या चहाच्या हॉटेलात रशीदभाई चहा ओतता ओतता रोज नवा निकाल द्यायचे.

"मामा, मेरेकू पूछो. जहाज-वहाज डूबा नै. किसी टापू पे उतारके छुपाके रख्या उनो लोगां."

"एवढं मोठं विमान लपवायला ती काय साखरंची पुडी हाय का, रशीदभाई?" मामा बशी तोंडाजवळ नेत म्हणायचे. "मोटार चोरीला गेली म्हणणारे लई पाह्यले म्या. ते वर चोर हुडकीत फिरतेत, अन् मोटार आपली खाली गाळात निवांत बसल्याली आसती."

या भांडणात दोघांचा चहा रोज थंड व्हायचा आणि रशीदभाई तो रोज न सांगता बदलून द्यायचे.

शोध पुन्हा सुरू झाल्याची बातमी आली, तेव्हा मामांनी मला पत्र लिहायला बसवलं. मी ते इंग्रजीत करून शोध घेणाऱ्या कंपनीला पाठवायचं होतं. मजकूर असा: "तुमची हिकमत चांगली हाय, पण घाई लई करता. पडलेली चीज पडल्या जागी ऱ्हात नाय, पाणी तिला सरकवतं. आधी बोटी बंद करून एक दिवस गप बसा. आरसा मोठा घ्या." आरशाचं वाक्य मी गाळणार होते. मामांनी ते तीनदा वाचून दाखवायला लावलं, त्यामुळे गाळता आलं नाही.

दोन मिनिटांत उत्तर आलं. आभारी आहोत, आणि या पत्त्यावर उत्तर पाठवू नये. हे यंत्राने आपोआप धाडलेलं उत्तर आहे, असं मी मामांना समजावू लागले. मामांचं ध्यान शेवटच्या ओळीत अडकलं होतं.

"उत्तर पाठवू नये म्हणतेत?" आवाज एकदम खाली आणून ते म्हणाले. "बराबर हाय. म्हंजी कुठं बोलू नगा म्हणतेत. रशीदभाईला तर बिलकूल नगा सांगू."

पुढचे आठ दिवस मामा हॉटेलात विमानाचा विषय निघाला की छताकडे बघत बसायचे. रशीदभाईंना वाटलं मामांची तब्येत बिघडली. त्यांनी चहात आलं वाढवलं.

हसून हसून माझी पुरेवाट व्हायची. मग एक दिवस मी मामांच्या बहिणीला, शांताक्कांना, सहज विचारलं, की हे विमानाचं वेड शिरलं कधी? अक्का मामांच्याच घरी राहतात. त्या तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "ज्या मार्चात ते विमान गेलं ना बाई, त्याच मार्चात आमचे मालक गेले."

अक्कांचे यजमान, प्रल्हादराव, लासूर स्टेशनवरून कामासाठी सुरतेला म्हणून गाडीत बसले. पोचल्याचा फोन आला. त्यानंतर काही नाही. ना फोन, ना माणूस, ना प्रेत. मामा तीनदा सुरतेला गेले. फोटो घेऊन कारखाने, दवाखाने, फलाट पालथे घातले. स्टेशनवर पोलिसाने पिशवी उघडायला लावली तर आत गळ. "हे कशाला?" तर मामा म्हणाले, "सवयीनं घेतला साहेब." तिसऱ्यांदा हात हलवत परतले, तेव्हा घरी टीव्हीवर विमानाचा शोध चालू होता. मामांनी त्या दिवशी बहिणीला शब्द दिला, "शांते, म्या काढून आणतो. आजवर एक बी सोडली नाय."

तेव्हापासून प्रल्हादरावसुद्धा आडकलेलेच होते. हे कळल्यावर मी त्या पांढऱ्या ठिपक्यांना हसणं सोडलं.

यंदा शोध थांबल्याची बातमी आली त्याच आठवड्यात अक्कांचा धाकटा दीर, मिलिंद, लासूरहून आला. मामांनी मलाही चहाला थांबवलं होतं. मिलिंद भला माणूस, शब्द जपून बोलणारा. म्हणाला, "मामा, आई थकली. तिची एकच इच्छा हाय. तिच्या डोळ्यांदेखत दादाचं जलदान व्हावं." आपल्याकडच्या बौद्ध घरांत माणूस गेल्यावर जलदान आणि पुण्यानुमोदन करतात. फोटोसमोर पाणी देतात, त्याचं पुण्य स्मरतात. म्हणजे माणूस गेला हे घरानं मान्य करायचं.

मामा ताडकन उठले. "जित्या माणसाचं जलदान? तुझ्या वहिनीला इचारलं का? अरे, तिकडं एका विमानासाठी मोठमोठे देश समुद्र उपसायलेत, अन् तुमी एका माणसाला एवढ्यात सोडता?"

"त्यांनी बी बंद केलं, मामा," मिलिंद हळूच म्हणाला. "कालच बातमी व्हती."

मामा माझ्याकडे वळले. "बाई, खरंय?"

मी वर्गात पोरांना सांगते, भूगोलात अंदाज चालत नाही, खरं सांगायचं. दारात अक्का उभ्या होत्या. मामांचा चेहरा तर बघवत नव्हता.

"थांबवलाय, मामा. बंद नाही," मी म्हणाले. "त्या समुद्रात हवा खराब आहे. सुधारली की पुन्हा बघतील."

अगदीच खोटं नव्हतं ते. "ऐकलं का?" मामा मिलिंदला म्हणाले आणि बाहेर जाऊन स्कूटर उगाच पुसत बसले.

अक्कांनी मला आत बोलावलं. मला वाटलं, आता या रडतील. त्यांनी माझ्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला.

"बरं केलं, बाई. त्याला असंच सांगत जा."

"अक्का, तुम्हाला काय वाटतं?"

"मला? मला पहिल्या वर्षीच कळलं. माणूस जिता आसता तर पोचल्यावर केला तसा दुसरा फोन केला आसता. लई बोलके व्हते ते." त्यांनी पदर तोंडाला लावला, क्षणभरच. "पण हा आमचा दादा रोज जेवायला बसला का इचारतो, शांते, काय वाटतंय? म्या म्हणते, येतेल. तेवढ्यावर त्याला भाकर जाती. न्हाय म्हणलं तर तो जेवायचा कसा?"

मी अर्धा लाडू हातात धरून तशीच उभी राहिले. बारा वर्षं भाऊ बहिणीसाठी शोधत होता आणि बहीण भावासाठी वाट बघत होती. मला दोघांचा राग आला आणि दोघांना पोटाशी धरावंसं वाटलं.

पुढच्या रविवारी अक्का सासूला बघायला म्हणून लासूरला निघाल्या. सोबत मला नेलं. आपण जलदानाला चाललोय, हे त्यांनी वाटेत मला सांगितलं; नसतं सांगितलं, तरी त्यांच्या पिशवीतली पांढरी साडी मला दिसली होती. मिलिंदच्या अंगणात पांढऱ्या कपड्यांतली पंधरा-वीस माणसं बसली होती. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. मेणबत्ती लावली. अक्कांनी प्रल्हादरावांच्या फोटोसमोर वाटीत पाण्याची बारीक धार धरली, वाटी भरून वाहेपर्यंत. म्हातारी सासू त्यांच्या मनगटाला धरून होती. कुणी मोठ्याने रडलं नाही. जेवणं झाली. अक्कांनी निघताना साडी बदलली आणि मला बजावलं, "सासू बरी हाय, एवढंच सांगायचं."

आम्ही छावणीच्या नाक्यावर उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. समोर मामा उभे होते. ज्यांच्या अंगावर ग्रीसच्या डागाशिवाय कपडा मी कधी पाहिला नव्हता, ते मामा पांढरा सदरा आणि पांढरा पायजमा घालून उभे होते. सदऱ्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या.

अक्का जागच्या जागी थबकल्या.

"सासू बरी हाय का?" मामांनी विचारलं.

"बरी हाय, दादा."

मामांनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तिकडली हवा सुधारली का?"

"अजून नाही, मामा."

"नसू दे. दमले आसतील बिचारे. जरा बसू द्या तेन्ला."

अक्का त्यांच्या सदऱ्याकडे बघत होत्या. पुढे होऊन त्यांनी चुकलेलं वरचं बटण सोडलं आणि नीट लावलं. "सकाळपासून जेवला नसशील तू," त्या कशाबशा म्हणाल्या.

"कसा जेवू? तू तिथं बसलीस, म्या हितं बसलो," मामा म्हणाले. "दाजीला दोन्हीकडचं पाणी पोचलं आसंल."