एल्क बेंडची अभिरुची समिती

माणसाची वाचनाची आवड दातांसारखी असते. दुधाची पडल्याशिवाय पक्की येत नाही, आणि पक्की आली तरी ती दुसऱ्या कुणीतरी तपासावी लागते. हा सिद्धान्त आमच्या समितीचे अध्यक्ष डॉ. मर्टन स्वेन्सरुड यांचा. एल्क बेंडमध्ये त्यांनी आयुष्यभर दंतवैद्यकी केली. त्यांच्यापुढे आ वासून गप्प बसायची सवय गावाला होतीच. निवृत्तीनंतर तीच सवय त्यांनी सार्वजनिक वाचनालयाच्या कामी लावली.

अभिरुची समितीत आम्ही तिघं. अध्यक्ष स्वतः, वाचनालय सांभाळणाऱ्या डोरीन कोवाल्स्की, आणि सचिव मी. (मी पीकविमा विकतो. झालेलं नुकसान नैसर्गिक होतं असं लिहून देण्याचा अनुभव समितीला हवा होता.)

डॉक्टरांचं म्हणणं सोपं होतं. लहानपणी माणसाला ज्या गोष्टीत काही घडतं ती आवडते. हा गोवरासारखा बालरोग आहे. शिक्षणाने तो हळूहळू उतरतो. कॉलेजात जाईपर्यंत माणूस काहीच न घडणारी गोष्ट सहन करायला शिकतो, आणि चाळिशीत ती आपल्याला आवडते असं चारचौघांत न लाजता सांगू शकतो. इथे वाढ पूर्ण झाली.

आम्ही गावाची पाहणी केली. आवडता कथाप्रकार कोणता, या प्रश्नाला नव्वद टक्के लोकांनी 'गंभीर साहित्य' असं उत्तर दिलं. (उरलेल्या दहा टक्क्यांना ते एकटे असताना विचारलं गेलं. ती पद्धतीतली चूक होती.) असं असूनही गंभीर साहित्याचं कपाट गच्च भरलेलं, आणि काउबॉय, खून, प्रेम, भुतं नि परग्रह यांची कपाटं मात्र सदा दात पडलेल्या बत्तीशीसारखी अर्धी रिकामी. यावरून एकच निष्कर्ष निघत होता: न आवडणारी पुस्तकं वाटेत आल्यामुळे लोकांना आवडत्या पुस्तकांपर्यंत पोचताच येत नाही. तेव्हा लोकमताचा मान राखून आम्ही ती पाचही कपाटं तळघरात बॉयलरशेजारी हलवली आणि कुलूप घातलं.

पहिली तक्रार आर्लीस ब्रेकीबाईंची आली. बाई शाळेत भूमिती शिकवायच्या. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्यांचे यजमान क्लिफर्ड ट्रॅक्टर विकायचे. बोलणं हाच त्यांचा धंदा होता, आणि धंदा नसतानाही ते तो तोट्यात चालवायचे. मार्चमध्ये त्यांना पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं आणि वाचा बंद झाली. तेव्हापासून बाई रोज दुपारी खाटेशेजारी बसून त्यांना काउबॉयच्या गोष्टी वाचून दाखवत. याच गोष्टींवरून त्यांनी संसारभर नवऱ्याची टिंगल केली होती. आता मात्र घोडे उधळले की क्लिफर्डचा डावा हात पांघरुणावर हलायचा, आणि तेवढ्यासाठी त्या घसा बसेपर्यंत वाचत.

बाईंचं म्हणणं एवढंच होतं की चालू मालिकेत नायक खिंडीत अडकलाय, वरून दरोडेखोर गोळ्या घालताहेत, तर पुढचा भाग तेवढा वर आणून द्यावा. डॉक्टरांनी त्यांना प्रेमाने समजावलं. आजारी मेंदूला तर सकस आहाराची जास्तच गरज असते. मग त्यांनी 'धुक्याचं व्याकरण' ही कादंबरी बाईंच्या हातात ठेवली. तिच्यात एक मध्यमवयीन माणूस सहाशे पानं तळ्याकडे बघत असतो. मुखपृष्ठावर पुरस्कारांची सोनेरी वर्तुळं इतकी आहेत की तळं दिसत नाही.

"मर्टन, यात पुढे काही होतं का?" बाईंनी विचारलं.

"आर्लीसबाई, हा प्रश्न पडणं हेच आजाराचं लक्षण आहे."

बाईंनी पुस्तक नेलं. दुसरं काही मिळणारच नव्हतं.

पहिले काही दिवस क्लिफर्डचा हात हलला नाही. माणूस खिडकीशी उभा राहिला, त्याला वडील आठवले, धुकं आलं. मग धुकं कुठून आलं याचा विचार सुरू झाला. तो विचार अकराव्या पानात शिरला तेव्हा क्लिफर्डच्या तोंडून आवाज निघाला.

"बास."

बाईंच्या हातून पुस्तक पडलं. त्यांना रडू कोसळलं. मार्चपासूनचा तो पहिला शब्द होता. वाचा-उपचार करणाऱ्या मुलीला फोन केला, तर ती म्हणाली, जे चाललंय ते थांबवू नका. बाईंनी थांबवलं नाही. त्या आठवड्यात 'बास कर' झालं, पुढच्या आठवड्यात 'बास कर गं बाई.' आणि ऑगस्टअखेर क्लिफर्डने आख्खं वाक्य उच्चारलं: "हा मेला तळ्यात उडी का मारत नाही?"

समितीत आनंदीआनंद झाला. गंभीर साहित्याने मुक्याला वाचा दिली, असं निवेदन मी स्वतः लिहिलं. (वाक्य कोणतं होतं ते जागेअभावी गाळलं.) कादंबरीच्या प्रती वृद्धाश्रमातही पाठवल्या. तिथे पहिल्याच वाचनाला, खुर्चीतून न उठणाऱ्या दोन आजी उठून चालत बाहेर गेल्या. हेही यशात धरलं.

मग वाचनालयाच्या सभागृहात क्लिफर्डचा सत्कार ठेवला. खिमा-बटाट्याचा भाजलेला हॉटडिश होता, कॉफी होती, लिंबाच्या वड्या होत्या. क्लिफर्डला चाकाच्या खुर्चीवरून आणलं. डॉक्टरांनी भाषण केलं आणि मग माईक क्लिफर्डच्या तोंडाशी धरून या महान साहित्यकृतीबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलं.

क्लिफर्ड सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं बोलले. "मर्टन... शेवटी... काय होतं रे?"

डॉक्टर म्हणाले, शेवट हा वाचकागणिक वेगळा असतो. मग त्यांनी डोरीनबाईंकडे पाहिलं. डोरीनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी लिंबाची वडी घेतली.

"मी सांगते," आर्लीसबाई म्हणाल्या. "तो घरी जातो आणि दोन अंडी उकडतो. एक स्वतःसाठी आणि एक वडिलांसाठी. वडील जाऊन किती वर्षं झाली, तरी दोन. मग दोन्ही खातो. हे वाचलं तेव्हा क्लिफ घोरत होता. मी एकटीच रडत बसले होते. मला फार आवडलं, मर्टन. याला काउबॉय दे आणि मला हे पुन्हा वाचायला दे. इतकंच मागणं आहे."

आमच्याकडे वाईट गोष्टीलाही वाईट म्हणत नाहीत, 'जरा वेगळं आहे' म्हणतात. मागच्या रांगेतून कुणीतरी तेवढंच म्हणालं. कशाबद्दल ते कळलं नाही.

समितीची तातडीची बैठक झाली. अध्यक्ष व्यथित होते. जी कादंबरी पूर्ण वाचली गेली, जिच्यात शेवटी काहीतरी घडतं असं निष्पन्न झालं, आणि जी एका बाईला चक्क आवडली, ती गंभीर राहते कशी? एवढी वर्षं तिने आपल्याला फसवलं, असं ते म्हणाले. ठराव एकमताने संमत झाला. 'धुक्याचं व्याकरण' तळघरात गेलं, आणि जागेअभावी काउबॉयच्या फळीवर बसलं.

डोरीनबाईंनी त्याच आठवड्यात तळघराची एक किल्ली आर्लीसबाईंच्या पर्समध्ये टाकली. समितीला याची कल्पना नाही. (मी समितीचा एक तृतीयांशच आहे.) आता ब्रेकींच्या घरी दुपारी एक प्रकरण गोळीबाराचं आणि एक धुक्याचं, असं चालतं. धुकं आलं की क्लिफर्ड शिव्या देतात. वाचा-उपचारवाली मुलगी म्हणते, शब्दसंग्रह झपाट्याने वाढतोय. खिंडीतला नायक सुटला. परवा क्लिफर्डने विचारलं म्हणे, "तो अंडीवाला... बरा आहे ना?" बाईंनी हे मला भर दुकानात सांगितलं आणि डोळे पुसायला तोंड फिरवलं.

आता तुमच्याविषयी. कुणी विचारलं तर तुम्हीही 'गंभीर साहित्य' असंच सांगाल, याची समितीला खात्री आहे. पण एका अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं पुढे काय होतं, एवढं एकच पाहायला तुम्ही इथपर्यंत वाचत आलात. म्हणजे तुमच्याही आजाराचं निदान झालं. तळघराचा जिना डाव्या हाताला आहे. जरा वाकून उतरा, आणि हळू बोला. खाली तुमच्या ओळखीचे पुष्कळ लोक बसलेत.