सबनीस भावजींची कट्ट परीक्षा

आमचे शेजारी सबनीस भावजी कुणाच्याही हातावर भाताचा तुसासकट दाणा ठेवून "चाव!" म्हणत. मग डोळे मिटून कान पुढे करत. कट्ट वाजलं तर भात कोरडं, नुसतं दबलं तर ओलं. मी फोडणीला उभी असले तरी सुटका नसे. "वहिनी, जरा चावा."

लढाईचे दिवस. शहरांना रेशन लागू झालं आणि शहापूर-मुरबाडकडचं भात सरकार स्वतः खरेदी करू लागलं. त्यासाठी नवी माणसं घेतली, त्यांना शिकवायच्या नोकरीवर उतारवयाचे भावजी. कचेरीच्या पडवीत पोती रचलेली, म्हणून वर्ग आमच्या ओटीवर.

"तोलतो तो मापारी. लिहितो तो कारकून. मग खरेदीदार कोण?"

"पैसे देतो तो," किन्हवलीचा एकजण म्हणाला.

"अरे, ते गिऱ्हाईक! पोतं घ्यायचं की परत धाडायचं, हे दाताखाली दाणा धरून सांगतो तो खरेदीदार. चाव!"

"काका, सकाळधरनं चावतोय. आता घरी भाकर चावायची नाय."

ओटीभर थुंकलेलं तूस. मी बोलले की भावजी म्हणत, "वहिनी, शिक्षण चाललंय."

"शिक्षण तुमचं, केरसुणी माझी."

एकदा ठाण्याहून साहेब आले. उतारवयाची माणसं खरेदीवर ठेवायची का, हे बघत ते फिरत होते. सिद्धगडाकडून आलेल्या पोत्यातलं भात सुपात काढलं होतं. भावजी सवयीने पोरांकडे वळले.

"त्यांना नको," साहेब म्हणाले. "तुम्ही चावा."

भावजींनी दाणा तोंडात टाकला. जबडा हलला. दाणा या गालातून त्या गालात गेला. आवाज नाही. पोरं खाली बघू लागली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसाला दाढाच नाहीत! इतके दिवस सरकारी खरेदी आमच्या दातांवर चालली होती.

चहा ठेवता ठेवता मी त्याच सुपातला दाणा उचलला आणि दाराआड जाऊन चावला. कट्ट!

"कोरडं," भावजी लगेच म्हणाले. साहेब मान डोलावून चहाकडे वळले.

ते गेल्यावर मी विचारलं, "दाढा कधी गेल्या?"

"आमची ही जिवंत असतानाच. ती पाणी जास्त घालून मऊ गुरगुट्या भात करायची, म्हणून अडलं नाही कधी. मला तो जमत नाही." सुपातले दाणे पोत्यात ओतत म्हणाले, "नोकरी गेली असती, तर पोरं यायची थांबली असती हो."

दुसऱ्या दिवशी ओटीवर पुन्हा कट्टकट्ट, पुन्हा तूस. मी केरसुणी दाराशी आपटली, आत गेले आणि चुलीवरच्या भातात आणखी तांब्याभर पाणी ओतलं.