पाठीशी उभे राहण्याबाबत

बाईने काय घालावे हा सर्वस्वी तिचा खाजगी प्रश्न आहे, आणि खाजगी प्रश्न म्हटला की त्यासाठी सभा बोलवावी लागते. सभा न बोलावल्यास तो नुसताच खाजगी राहतो, आणि मग तो खाजगी आहे हे चार लोकांना कळणार कसे?

हे तत्त्व टी. नगरच्या मराठी भगिनी समाजाने फार पूर्वीच स्वीकारले होते. चेन्नईला बदली होऊन आलेल्या बँकवाल्यांच्या आणि रेल्वेवाल्यांच्या बायका, शिवाय कित्येक पिढ्यांपासून इकडेच असलेल्या तंजावरी मराठी घरांतल्या बायका, अशा सगळ्या मिळून हा समाज चालवीत. चिटणीस जयवंतीबाई स्वतः बँकेतून निवृत्त झालेल्या होत्या. त्यांच्या कारकिर्दीत प्रत्येक ठराव एकमताने झाला होता, आणि याचा त्यांना दागिन्यासारखा अभिमान होता. (एकदा इडलीबरोबर चटणी की सांबार यावर समाज फुटायची वेळ आली होती. दोन्ही ठेवून तो वाचवण्यात आला.)

त्या रविवारी दुपारी त्रिपुरसुंदरी मामी घाम पुसत आल्या. मामी तंजावरी. त्यांची भाची श्रीरंजनी तमिळ सिनेमात काम करते. आठवड्यापूर्वी एका बक्षीस समारंभाला ती एक झगा घालून गेली होती. पाठ उघडी, एक खांदा उघडा, आणि एका बाजूला कमरेपासून खाली चीर. फोटो गावभर झाला. कोणीतरी बहिष्काराची भाषा काढली आणि तिच्या नव्या सिनेमाचा निर्माता घाबरला. म्हणाला, कुठल्याही महिला संस्थेची एक ओळ आणा, आम्ही हिच्याबरोबर आहोत एवढीच. नाहीतर संध्याकाळी मी दुसरी मुलगी घेतो.

"अम्मा, पोरीस एक ओळ लिहून द्या की. एकच. पोदुम," मामी म्हणाल्या. पोदुम म्हणजे पुरे.

"हात्तिच्या! एवढंच ना?" जयवंतीबाई म्हणाल्या. एक ओळ लिहायला असे काय लागते? (सत्तावीस भगिनी, एक प्रोजेक्टर आणि दोनदा कॉफी.)

प्रथम प्रश्नाचा अभ्यास करणे आले. फोटो भिंतीवर मोठा करून लावण्यात आला, कारण छोट्या फोटोवरून मोठे मत बनवणे बेजबाबदारपणाचे ठरले असते. समाजाच्या सभेला पुरुषांना मज्जाव आहे, परंतु तांत्रिक साहाय्याला लिंग नसते, या न्यायाने जयवंतीबाईंचे यजमान विद्याधरराव प्रोजेक्टरपाशी बसले. आणखी चार यजमान वायर धरायला आले. (मागच्या महिन्यात हाडांच्या ठिसूळपणावर व्याख्यान झाले, तेव्हा प्रोजेक्टर आपोआप चालला होता.)

मग विचारमंथन सुरू झाले. नीलम जाहिरात कंपनीत होती. तिचे म्हणणे, शरीर तिचे, झगा तिचा, हे स्वातंत्र्य आहे, विषय संपला. कौमुदी कॉलेजात शिकवत असे. तिचे म्हणणे, विषय इथेच सुरू होतो. हा झगा तिने निवडला असे तिला वाटते, पण तो बाजाराने आणि पुरुषी नजरेने निवडलेला आहे. "विद्याधरकाका, जरा मोठं करा, म्हणजे पुरुषी नजर कुठे कुठे पडते ते दाखवता येईल." काकांनी मोठे केले. नजर कुठे कुठे पडते ते सर्वांनी नीट पाहिले. वायर धरणाऱ्यांनीही पाहिले.

तेवढ्यात कोणीतरी मागून विचारले, की साडीत आपलेही पोट दिसतेच की. हा मुद्दा गंभीर होता. त्यावर असा निर्णय झाला की साडीतून दिसणारे पोट संस्कृतीत मोडते, म्हणून ते दिसत नाही. सत्तावीस भगिनींनी पदर सारखे केले आणि सभा पुढे चालली.

मतांचा कल घेतला. झगा म्हणजे शोषण, असे म्हणणाऱ्या अकरा. झगा म्हणजे मुक्ती, असे म्हणणाऱ्या अकरा. शिंपी कोण, असे विचारणाऱ्या सात. (दोघींनी दोनदा हात वर केला होता.) मात्र पोरीला ओळ द्यायची याबद्दल दुमत नव्हते. शोषण मानणाऱ्यांना तिचे शोषण थांबवायचे होते आणि मुक्ती मानणाऱ्यांना तिची मुक्ती चालू ठेवायची होती. जयवंतीबाईंना हायसे वाटले. आता नुसते लिहायचे राहिले.

"लिहा," नीलम म्हणाली. "भगिनी समाज श्रीरंजनीच्या पाठीशी उभा आहे."

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या.

"पाठीशी नको गं," कौमुदी म्हणाली. "तिथे आधीच अख्खं गाव उभं आहे."

"मग पाठिंबा देतो म्हणू."

"त्यातही पाठच."

"पाठबळ? पाठराखण?"

जयवंतीबाईंनी लिहिलेले खोडले. आजवर शेकडो ठरावांत त्यांनी हे शब्द बिनधास्त वापरले होते, रस्त्याच्या दिव्यांना पाठिंबा दिला होता, पाणीटंचाईत शेजारच्या सोसायटीची पाठराखण केली होती. पण मराठीत बाईला आधार द्यायचा तर तिच्या पाठीवरूनच जावे लागते, हे त्यांच्या लक्षात आजच येत होते.

"आपण तिची बाजू घेतो, असं लिहू या," त्या म्हणाल्या. विद्याधररावांनी, न सांगता, फोटो चिरेच्या बाजूला सरकवला. बाजू बाद झाली. 'खांद्याला खांदा लावून' हे वाचून होण्याआधीच बाद झाले. 'आधार' म्हटले तर लोक कार्डाचा नंबर मागतील, अशी शंका निघाली. राहता राहिले 'समर्थन'. त्यावर त्रिपुरसुंदरी मामी ताडकन उठल्या. "आमच्याकडे समर्थांचा मठ आहे, अम्मा! त्यांस या झग्यांत ओढूं नका!"

मामींच्या शेजारी सुती सलवार-कमीझ घातलेली एक मुलगी बसली होती. तीही उठली.

"आंटी, मी काय म्हणते—"

"बाळ, खाली बस आधी," जयवंतीबाई म्हणाल्या. "तुझ्या डोक्याची सावली पाठीवर पडतेय."

"अय्यो!" मामी किंचाळल्या. "ती पाठ हिचीच की!"

चोपन्न डोळे मुलीवरून भिंतीवर गेले आणि भिंतीवरून मुलीवर आले. वायरवाल्यांचे वेगळे.

"अगं बाई!" नीलम म्हणाली. "कपड्यांत ओळखूच आली नाहीस!"

कौमुदीने तत्त्वाचा मुद्दा काढला. जिच्याविषयी चर्चा, तिच्यादेखत तिच्या शरीराची चर्चा करणे म्हणजे तिची वस्तू करणे होय. हे सर्वांना पटले. तेव्हा तिची वस्तू होऊ नये म्हणून तिला बाहेर व्हरांड्यात बसवण्यात आले आणि फोटो आत ठेवण्यात आला.

जयवंतीबाई स्वतः कॉफी घेऊन बाहेर गेल्या. मुलगी पायरीवर बसली होती. मांडीवर फोन होता आणि तिचे लक्ष त्याच्याकडेच होते.

"आंटी, अख्ख्या समाजाचं नको. तुम्हाला काय वाटतं तेवढं द्या ना लिहून. तुमच्या नावाने."

जयवंतीबाईंच्या पर्समध्ये पेन होते. लेटरहेडही होते. आणि त्यांना काय वाटत होते हेही, खरे म्हणजे, त्यांना ठाऊक होते. पोर गोड आहे, झगा तिला शोभतो आणि हा सगळा तमाशा आहे, असे त्यांना वाटत होते. पण ते झाले एका बाईचे मत. एका बाईच्या मताला विचारतो कोण? आणि एकमत मोडले असते ते निराळेच.

"बस हं बाळ, आत्ता आणते," असे म्हणून त्या आत गेल्या.

आत कॉफीची दुसरी फेरी होऊन अखेर अशी ओळ सापडली, की जिच्यात बाईचा एकही अवयव नव्हता:

'श्रीमती श्रीरंजनी यांच्या पोशाखाविषयी समाजाची ठाम भूमिका आहे.'

शोषणवाल्यांना ती पटली, मुक्तिवाल्यांना पटली, शिंप्याचा पत्ता विचारणाऱ्यांनीही मान डोलावली. भूमिका कोणती, हे कोणी विचारले नाही, कारण तसे केल्यास ती ठाम राहिली नसती. ठराव एकमताने मंजूर झाला. टाळ्या झाल्या. जयवंतीबाईंनी शिक्का मारला, शाईवर फुंकर घातली आणि जवळजवळ धावतच त्या व्हरांड्यात आल्या.

मुलगी उभी होती, शेजारी मामी. फोन बंद करून तिने ओढणीला पुसला.

"झालं?" जयवंतीबाईंनी विचारले.

"गेली, अम्मा," मामी म्हणाल्या. "भूमिका गेली. दुसऱ्या पोरीस दिली."

श्रीरंजनीने कागद घेतला, पूर्ण वाचला, आणि हसून "थँक्स, आंटी" म्हणाली. मग तिने तिरुवल्लिकेणीला, घरी जायला रिक्षा थांबवली. जयवंतीबाई फाटकात उभ्या राहिल्या. रिक्षा वळेपर्यंत तिची पाठ दिसत होती, सुती कापडात, गळ्यापर्यंत झाकलेली, आणि तिच्याकडे रस्त्यावरचे एकही माणूस पाहत नव्हते.

हिशेब असा झाला, की समाजाला भूमिका मिळाली आणि श्रीरंजनीची गेली. ती गेलेली भूमिका कसली होती, तिच्यासाठी तिने काय कष्ट घेतले होते, ती कामात बरी आहे की वाईट, हे सबंध सभेत कोणी विचारले नाही. आपणही विचारले नाही. झग्याचा रंग सांगायचा राहून गेला आहे, हे मात्र आपल्या केव्हाच लक्षात आले असेल.